१८० हिट पॉइंट्सचा देव

पार्श्वभूमी

पुण्यात आमचा पाच जणांचा गट आहे. दर रविवारी संध्याकाळी एकाच्या डायनिंग टेबलाभोवती जमायचं, चहा-खारी उरकायची आणि फासे बाहेर काढायचे. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गेम मास्टर असतो. जग त्याने रचायचं. त्यातली माणसं, जनावरं, देव, पाऊसपाणी सगळं त्याने चालवायचं. बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात वावरतात. पुढे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात.

गेम मास्टर मी. खेळाडूंची नावं देत नाही, पात्रांवरूनच ओळखा: धनुर्धर, भिक्षुणी, रोनिन (म्हणजे धनी नसलेला सामुराई) आणि व्यापारी. धनुर्धर खेळणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, रोनिनचे सख्खे काका, म्हणून आम्हा सगळ्यांचेच काका. मूळचे सिंधुदुर्गातले. भिक्षुणी खेळणारी जपानी शिकते. त्या वर्षी तिसऱ्या पातळीच्या परीक्षेची तयारी चालली होती.

जग जपानी पुराणकथांवर बेतायचं, हे सर्वानुमते ठरलं होतं. मी ते कसं बेतलं ते आता सांगायला लाज वाटते. लाल तोरी कमानी, कोल्हे, कागदी कंदील, धुक्यातली देवळं अशी चित्रं गोळा केली आणि प्रत्येक देवाला नियमपुस्तकात राक्षसाला देतात तसा तक्ता दिला: चिलखत इतकं, हल्ला इतका, हिट पॉइंट्स (म्हणजे किती मार खाल्ल्यावर मरणार तो आकडा) इतके. हे पाप माझ्या एकट्याचं नाही. १९८० साली आलेल्या एका अमेरिकन नियमपुस्तकात जपानी देवांचे हिट पॉइंट्स चक्क छापलेले होते. पण छापलंय म्हणून आपणही तेच करायचं, असं कुणी सांगितलं नव्हतं.

काय घडलं

अकरावं सेशन. डोंगरातल्या एका गावाची नदी दरवर्षी पेरणीच्या वेळी गावाकडून काहीतरी मागायची. त्या वर्षी गावाने दिलं नाही, म्हणून नदीने होडी चालू देणं बंद केलं. मुखियाने आमच्या चौघांना बोलावलं आणि ‘काय ते मिटवा’ म्हणून विनवलं. मिटवा म्हणजे बोलणी करा, असं माझ्या डोक्यात होतं. तसं मी बोललो मात्र नाही.

देवाचं नाव मी शिरानामी ठेवलं होतं. पांढरी लाट. डोहातून वर आला तेव्हा मी त्याचं वर्णन केलं: लांब शरीर, शेवाळलेली आयाळ, डोळे मंदिरातल्या घंटेएवढे. वर्णन संपायच्या आत काका म्हणाले, “मी बाण मारतो.” फासा पडला वीस. पुढच्या फेरीत पुन्हा वीस. रोनिनने उरलेलं काम केलं. तिसऱ्या फेरीच्या शेवटी माझ्या कागदावर १८० खोडून शून्य लिहिलेलं होतं, आणि मी सवयीने म्हणून गेलो, “मेला. अनुभवाचे गुण वाटून घ्या. पोटात एक मोती सापडला, मुठीएवढा.”

रोनिनने टेबलावर हात आपटून जल्लोष केला. भिक्षुणीने आपली कॅरेक्टर शीट चौघडी घालून पिशवीत ठेवली.

“हा देव नव्हता,” ती म्हणाली. “मगर होती, मोठी. तू तिला देव म्हणालास, इतकंच.” आणि दाराशी चपला घालताना: “आणि शिरानामी म्हणजे जुन्या काबुकी नाटकांच्या भाषेत चोर. सांगायचं राहिलं होतं.”

त्यानंतर तीन रविवार आम्ही खेळलो नाही.

अडचण नेमकी कुठे होती

आधी मला वाटलं, तिला राग आला तो श्रद्धेचा. तसं नव्हतं. तिचं म्हणणं होतं की जगाचा पायाच चुकला आहे, आणि ते खरं होतं.

जपानीतल्या ‘कामी’ या शब्दाचा अर्थ आपण देव असा लावतो, पण त्याची हद्द वेगळी आहे. अठराव्या शतकातला विद्वान मोतोओरी नोरिनागा याने त्याची ओळख अशी दिली आहे: जे जे नेहमीपेक्षा निराळं, थरारून टाकणारं, ते कामी. पक्षी, पशू, झाडं, समुद्र, डोंगर, माणसंसुद्धा. चांगलं असलंच पाहिजे अशी अट नाही. वाईट आणि विचित्रही त्यात येतं. संख्या विचाराल तर ‘याओयोरोझु’, शब्दशः ऐंशी लाख, म्हणजे आपल्या तेहतीस कोटींसारखा आकडा, मोजण्यासाठी नसलेला. सरकारदरबारी मात्र मोजणी होती: ९२७ साली पूर्ण झालेल्या एंगिशिकी या नियमसंग्रहात ३,१३२ देवांची यादी आहे, कारण तेवढ्यांना राजसत्तेकडून नैवेद्य जायचा.

माझ्या डोक्यात देव, भूत आणि राक्षस असे तीन स्वतंत्र कप्पे होते. तिथे तसे कप्पे नाहीत. एकाच देवाचं एक उग्र रूप असतं, आरामितामा, आणि एक शांत, निगिमितामा. नुकताच मेलेला, अन्यायाने मेलेला माणूस ओन्र्यो, म्हणजे सूडाने पेटलेला आत्मा होऊ शकतो. त्याचं नीट केलं तर तोच पुढे देव म्हणून देवळात बसतो. कुणाकडे लक्ष दिलं, कुणाचा मान ठेवला, यावर हे सगळं फिरतं.

‘मान’ हा शब्द मला काकांनी दिला, नंतर. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. भुतांचा राजा वेताळ तिकडे वेतोबा होऊन गावचं रक्षण करतो, आणि आरवलीच्या वेतोबाला लोक भल्या मोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो आणि त्या झिजतात. त्याला हिट पॉइंट्स किती, हा प्रश्न तिथे कुणाला पडणार नाही.

दुसरी अडचण मला दोन आठवड्यांनी कळली, आणि माझ्या मते तीच जास्त अवघड होती. काकांचा फोन आला. “मला सांगा, त्या देवाला मारायचं नसतं हे मला कुठे माहीत होतं? तुम्ही आकडा लिहिला होता. आकडा लिहिला म्हणजे संपवायचाच ना? आता तुम्ही नियम बदलणार आणि शिक्षा मला देणार?” बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, मागच्या तारखेपासून लागू होणारा नियम त्याला खपत नाही. खपू नयेच.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे अकरावं सेशन झालंच नाही असं ठरवायचं. सोपा, आणि व्यापाऱ्याचा त्याला पाठिंबा होता. पण दोन वीस पडल्याचा तो आनंद खरा होता. तो काकांकडून काढून घ्यायचा? मी हा पर्याय लगेच सोडला.

दुसरा पर्याय भिक्षुणीने सुचवला. आमचं बोलणं सुरू झालं ते याच निमित्ताने; तिने मला तीन पानी व्हॉट्सअॅप पाठवला. जपानी कथांमध्ये देव मरतात, असं तिचं म्हणणं, पण मेल्यावर संपत नाहीत. ७१२ सालच्या कोजिकीत इझानामी देवी अग्निदेवाला जन्म देताना भाजून मरते. तिचा नवरा इझानागी रागाने त्या अग्नीचं डोकं उडवतो, तर सांडलेल्या रक्तातून आणि प्रेताच्या अवयवांतून नवे देव जन्मतात. त्याच ग्रंथात सुसानोओ नावाचा देव अन्नदेवी ओगेत्सुहिमेला मारतो, कारण ती नाकातोंडातून पदार्थ काढून वाढत होती. तिच्या प्रेतातून काय उगवतं बघा: डोक्यातून रेशमाचे किडे, डोळ्यांतून भात, कानांतून राळे, नाकातून लाल चवळीसारखी अझुकी. तेव्हा शिरानामीच्या देहातूनही काही उगवू द्यावं. मला हे आवडलं होतं. अडचण एवढीच की मग मारणं फायद्याचं ठरतं. रोनिनने पुढच्या गावात पुढचा देव मारून भाताचं शेत पिकवलं असतं.

तिसरा पर्याय हद्दीचा. हिताची प्रांताच्या जुन्या वर्णनग्रंथात, फुदोकीत, यातो नो कामी नावाच्या शिंगवाल्या सर्पदेवांची हकिगत आहे. याहाझु नो माताची नावाच्या माणसाने दरीत भातशेती काढली, तेव्हा या देवांनी अडवलं. त्याने चिलखत चढवलं, भाला घेतला, काहींना मारलं, बाकीच्यांना डोंगरापर्यंत हाकललं. आणि मग जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. चराशी खूण म्हणून काठी रोवली आणि सांगितलं: इथून वर तुमचं, इथून खाली माणसांची शेतं. आजपासून मी तुमचा पुजारी, कायम पूजा करीन, कोप करू नका. मारणाराच पुजारी झाला. हा तुकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला, पण आमचा देव हाकललेला नव्हता, मेलेला होता.

चौथा पर्याय मिचिझानेचा.

सुगावारा नो मिचिझाने हा नवव्या शतकातला विद्वान आणि कवी, पंडितांच्या घरातून येऊन उजवा मंत्री झालेला. ९०१ साली फुजिवारा नो तोकिहिरा या प्रतिस्पर्ध्याच्या आरोपांवरून त्याला क्योतोहून दूर क्युशूतल्या दाझाइफूला धाडण्यात आलं. ९०३ मध्ये तो तिथेच वारला. लगेच काहीच झालं नाही. सहा वर्षांनी, ९०९ मध्ये, तोकिहिरा चाळिशीही न गाठता गेला. ९२३ मध्ये युवराज गेला. तेव्हा दरबाराला धास्ती वाटली आणि मेलेल्या मिचिझानेला त्याचं पद परत देण्यात आलं. पुरलं नाही. पुढचा युवराजही दोन वर्षांत गेला. ९३० च्या उन्हाळ्यात पाऊस नाही म्हणून काय करावं याची बैठक राजवाड्यात भरली होती, आणि वीज पडली ती नेमकी त्या दालनावर. एक बडा मंत्री जागीच ठार झाला. सम्राट दाइगोने अंथरूण धरलं, गादी सोडली आणि काही महिन्यांत तोही गेला.

९४७ मध्ये क्योतोतल्या कितानोला त्याचं देऊळ उभं राहिलं. ९८७ मध्ये सम्राटाच्या वतीने तिथे उत्सव झाला आणि तेन्जिन हे नाव अधिकृत झालं. ९९३ मध्ये, मरून नव्वद वर्षं झाल्यावर, मिचिझानेला पंतप्रधानपदापर्यंत बढती मिळाली. आज तो विद्येचा देव आहे. परीक्षेच्या दिवसांत पोरं लाकडी पाट्यांवर ‘पास होऊ दे’ लिहून त्याच्या देवळात टांगतात. भिक्षुणी म्हणाली, “मीपण टांगणार आहे, कधी गेले तर.”

निवड, आणि त्यात मी केलेली चूक

चौथा पर्याय मी घेतला. कारणं तीन होती आणि त्यांतलं एकच महत्त्वाचं: मिचिझानेच्या हकिगतीत शिक्षा मारणाऱ्याला होते असं कुणी सिद्ध करत नाही. मरणं सत्तावीस वर्षांत विखुरलेली आहेत. प्रत्येक वेळी लोक म्हणतात, हा त्याचाच कोप. दरवेळी कुणीतरी म्हणू शकतो, योगायोग. काकांच्या तक्रारीला उत्तर इथे होतं. मी नियम मागच्या तारखेपासून बदलत नव्हतो. बाण लागला, देव मेला, गुण आणि मोती तुमचेच. पुढे गावात जे घडेल त्याचा अर्थ कसा लावायचा ते तुम्ही ठरवा.

चूक अशी की हे सगळं मी भिक्षुणीशी बोलून ठरवलं, बाकी तिघांशी नाही. बाराव्या सेशनला गावच्या विहिरीच्या पाण्याला लोखंडाची चव आली, तेव्हा व्यापारी लगेच म्हणाला, “म्हणजे आपल्याला धडा शिकवायचं ठरलंय.” त्याने माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघितलं. तो सल टेबलावर शेवटपर्यंत राहिला.

अंमलबजावणी

देवांचे तक्ते मी फाडले. प्रत्येक देवासाठी चार ओळी ठेवल्या: ठाणं कुठे, वस्ती कशात, मान काय, आणि मान चुकला तर काय होतं. ‘वस्ती कशात’ ही ओळ मला सगळ्यात उपयोगी पडली. शिंतो (जपानचा मूळचा धर्म) देवळाच्या आत मूर्ती असायलाच हवी असं नाही. आरसा असेल, दगड असेल, तलवार असेल. देव त्यात वस्तीला येतो, आणि ती वस्तू, शिंताई, सहसा कुणाला दाखवत नाहीत. कुठे आख्खा डोंगरच शिंताई असतो. आपल्याकडचा तांदळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त तिथे शेंदराऐवजी झाकलेली पेटी.

पुढचे काही रविवार गावात बारीकसारीक घडत राहिलं. मी मुद्दाम काही मोठं आणलं नाही. होडी पुन्हा चालू झाली, पण नावाड्याचा मुलगा झोपेत पोहण्याचे हात मारायला लागला. पेरणी झाली, रोपं पिवळी पडली. खेळाडूंनी साके (तांदळाची दारू) ओतून माफी मागितली. काही फरक नाही. व्यापाऱ्याने गावाला पैसे देऊन बांध बांधून घेतला. बांध दोन ठिकाणी खचला. इथे दरबाराची ती हप्त्याहप्त्याने केलेली भरपाई मला फार कामाला आली. पद परत दिलं, पुरलं नाही. मग आणखी काही. प्रत्येक उपाय थोडा कमीच पडायला हवा, पण अगदी फुकट गेला असं वाटता कामा नये. हे प्रमाण मला दोनदा जमलं नाही. चौदाव्या सेशनला रोनिन वैतागून म्हणाला, “काय करायचं ते तूच सांग, आम्ही करतो.” तेव्हा समजलं की मी फार ताणलं.

मग देवाचा शब्द आणला. मिचिझानेच्या कथेत तो ९४२ साली आला आणि मंत्र्याला किंवा पुरोहिताला नाही, तर क्योतोच्या एका गरीब बाईला आला. तिने आपल्या झोपडीशीच छोटं देवस्थान केलं, असं सांगतात. आमच्या गावात घाटावर धुणं धुणारी एक म्हातारी पहिल्या सेशनपासून होती. चौघांपैकी कुणीही तिच्याशी एकदाही बोललं नव्हतं. पंधराव्या सेशनला तिच्या अंगात आलं आणि तिने एवढंच विचारलं, “माझं डोकं कुठे ठेवलंत?” सगळे गप्प. मग काकांनी हळूच आपल्या शीटवरच्या सामानाच्या यादीत बोट ठेवलं. मोती, १.

तरीही व्यापारी मानेना. “ही म्हातारी नाटक करत असेल. देव अजून आहे याला पुरावा काय?” रास्त प्रश्न. आणि त्यावर जपानी परंपरेतच उत्तर आहे. निहोन शोकी या जुन्या इतिहासग्रंथात सम्राट निंतोकूच्या काळातली गोष्ट येते. योदो नदीच्या बाजूला बांध घालत होते, दोन जागी तो सारखा खचायचा. सम्राटाला स्वप्नात सांगणं झालं: नदीच्या देवाला दोन माणसं द्या, एक कोवाकुबी, दुसरा कोरोमोनोको. कोवाकुबी रडत पाण्यात गेला आणि मेला. कोरोमोनोकोने वाळलेले दोन भोपळे पाण्यात टाकले आणि म्हणाला: तू खरंच देव असशील आणि मी तुला हवा असेन, तर हे बुडवून दाखव, नाही बुडले तर तू खोटा, मी का मरू? वावटळ आली, भोपळे ओढले गेले, लाटांवर नाचले, पण बुडले नाहीत. बांध पुरा झाला आणि तो माणूस वाचला. पुढे याच ग्रंथात किबी प्रांतातला आगातामोरी तीन भोपळे टाकून नदीतल्या विषारी सर्पाला असंच आव्हान देतो आणि सर्प हरतो, तेव्हा त्याला कापून काढतो. (किबी म्हणजे आजच्या ओकायामाचा भाग. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. तिथल्या तळ्यात कोई मासे बघत आम्ही या प्रकरणावर दोन तास भांडलो होतो, तेव्हा हे ठाऊक नव्हतं.)

ही गोष्ट मी टेबलावर सांगितली. व्यापाऱ्याने वाळलेला भोपळा मागवला. लहानपणी भोपळा पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकलेले काका म्हणाले, “भोपळा बुडत नाही हो, म्हणून तर बांधतात.” तेच तर. व्यापाऱ्याने डोहात भोपळा सोडला आणि कोरोमोनोकोचेच शब्द वापरले. फासा मी टाकला, सगळ्यांसमोर, पडद्याआड नाही. अठरा किंवा वर पडलं तर बुडेल, असं आधी जाहीर केलं.

एकोणीस पडला.

भोपळा कसा बुडाला याचं वर्णन मी फार केलं नाही. लाट नाही, भोवरा नाही. कुणी खालून हात धरून हळूच ओढावं तसा गेला, आणि पाणी पुन्हा सपाट झालं. व्यापाऱ्याचा खेळाडू खुर्चीत मागे रेलला. त्या रात्री पुढे कुणी फासा टाकला नाही.

सोळाव्या सेशनला देवस्थान उभारायचं ठरलं. जागा तीच, जिथे बाण लागला. मोती कापडात गुंडाळून पेटीत, पेटी दोन दोरखंडांमागे. पुजारी कोण, हा प्रश्न मी विचारायच्या आत काका म्हणाले, “माझा धनुर्धर. त्याने मारलं, त्याने सांभाळायचं.” माताचीची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. पात्र देवळात बसवायचं म्हणजे खेळातून निवृत्त करायचं. सोळा सेशन वाढवलेलं, दोन वीसवालं पात्र. मी दोनदा विचारलं. त्यांनी शीटवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

पूजेत देवापुढे मोठ्याने बोलायचं असतं. जपानीत त्याला नोरितो म्हणतात. एंगिशिकीत जुन्या भाषेतले असे २७ नोरितो जपून ठेवलेले आहेत. भिक्षुणी त्यांतल्या वळणाचं काहीतरी मराठीत लिहून आणणार होती. ते राहून गेलं, कारण काका उभे राहिले, हात जोडले आणि थेट गाऱ्हाणं घालायला लागले:

“बा देवा म्हाराजा! आज ही पोरां तुझ्या दारात इली आसत.”

रोनिन त्यांचा पुतण्या. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, “व्हय म्हाराजा!”

“ज्या काय चुकला-माकला आसात ता पदरात घे. तुझो मान तुका पावतो करतंव.”

या वेळी आम्ही चौघंही म्हणालो. “व्हय म्हाराजा!” शेजारच्या फ्लॅटमधून कुणीतरी खिडकी लावून घेतली.

जपानी वळणाच्या जगात मालवणी गाऱ्हाणं चालतं का, यावर नंतर चर्चा झाली. मी थोडा साशंक होतो. भिक्षुणी म्हणाली, “शब्द बदलले, रीत तीच आहे. देवाला नावाने हाक मारायची, काय झालं ते सांगायचं, काय देणार ते सांगायचं आणि मागायचं.” नियमात मी मात्र एवढंच लिहिलं: देवाशी बोलताना खेळाडूने स्वतः, मोठ्याने, पात्राच्या तोंडून बोलावं, फासा नाही.

परिणाम

देवांवरचे हल्ले थांबले, आणि मी ते बंद न करता. एकदा रोनिनने डोंगरावरच्या देवाशी लढायचं ठरवलं. आधी त्याने त्याचं ठाणं, वस्ती आणि मान शोधून काढला, तीन सेशन घेतली, मग लढला आणि हरला आणि खूश होता. भुतांचंही बदललं. शंभर वर्षं वापरून टाकून दिलेली भांडी-अवजारं जिवंत होतात, त्सुकुमोगामी, ही कल्पना आधी मी नुसती किरकोळ शत्रू म्हणून वापरली होती. आता फुटक्या छत्रीने वाट अडवली की पहिला प्रश्न येतो: हिला कुणी टाकलं?

शिरानामीचं नाव बदललं नाही. गावकरी आता सांगतात की या देवाने पूर्वी एकदा पूर चोरला होता, म्हणून हे नाव. ही भर काकांची.

व्यापारी विसाव्या सेशननंतर गेला. भांडण नाही. म्हणाला, “माझा रविवार लढायला असतो रे, दिवसभर ऑफिसात मानपानच करतो.”

आज पुन्हा करायचं तर

बाण सुटायच्या आधी थांबवलं असतं. “तुमच्या पात्राला इथे काय माहीत आहे ते सांगू का?” एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. त्या जगात वाढलेल्या धनुर्धराला नदीचा देव म्हणजे काय हे ठाऊक असणारच. खेळाडूला ठाऊक नाही हा दोष माझा. काकांनी हे ऐकून सांगितलं की विचारलं असतं तरी त्यांनी बाण मारलाच असता. असेल. पण मग तो जाणूनबुजून मारलेला असता.

मेल्यावर लगेच गुण आणि मोती वाटले नसते. त्या एका वाक्याने मी देवाची शिकार करून टाकली. सेशन तिथेच थांबवायला हवं होतं.

पर्याय चौघांसमोर ठेवले असते. भिक्षुणीला जास्त माहिती होती म्हणून तिच्याशी बोललो, हे खरं; पण माहिती असणं वेगळं आणि टेबलावर मत असणं वेगळं. व्यापारी तरीही गेला असता कदाचित, पण तिच्याकडे तसं बघून नसता गेला.

भोपळ्याचा फासा तसाच टाकला असता, सगळ्यांसमोर. सतरा पडला असता तर काय केलं असतं ते मी ठरवलेलं नव्हतं, आणि ते मात्र ठरवायला हवं होतं. भोपळा बुडाला नसता तर कोरोमोनोकोच्या न्यायाने शिरानामी खोटा ठरत होता, म्हातारी नाटकी ठरत होती आणि पुढचं देऊळच उभं राहिलं नसतं.

व्यापारी अधूनमधून फोन करतो. त्याच्या नव्या गटाने परवा एक ड्रॅगन मारला, १९० हिट पॉइंट्सचा, दोन तास लागले म्हणे. मी विचारलं, कुठला ड्रॅगन, कुठे राहायचा?

तो जरा थांबला. म्हणाला, “विचारलं नाही रे.”